टॉपवॉटरच्या मोठ्या ल्यूरसाठी दोरी, लीडर आणि गाठी : नवोदितांसाठी मार्गदर्शन

टेक्सास राज्यात डॅलसच्या पूर्वेला सुमारे ११० किलोमीटरवर लेक फोर्क हा जलाशय आहे. सुमारे २७,००० एकरांच्या या पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडे आजही उभी आहेत, काठाकाठाने पाणवनस्पती आहेत आणि लार्जमाउथ बास हा मासा येथे असाधारण वाढतो. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा म्हणजे सव्वाआठ किलोंचा, जानेवारी १९९२ मध्ये येथेच गळाला लागला. वसंत ऋतूच्या अखेरीस आणि उन्हाळ्यात, पाण्याचे तापमान साधारण १६ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर, हे मासे पहाटे आणि संध्याकाळी पृष्ठभागावर झेप घेऊन शिकार करतात. त्या वेळी पाण्यावर फेकल्या जाणाऱ्या, १२ ते २० सेंटिमीटर लांबीच्या आणि २५ ते ७५ ग्रॅम वजनाच्या तरंगत्या, म्हणजेच टॉपवॉटर, ल्यूरसाठी (माशाला भुलवणाऱ्या कृत्रिम आमिषासाठी) कोणती दोरी घ्यावी, तिच्या टोकाला लीडर, म्हणजे वेगळ्या दोरीचा लहान तुकडा, जोडावा का आणि गाठ कोणती मारावी, हे या लेखात सांगितले आहे. लेक फोर्कचे उदाहरण घेतले असले तरी उभी झाडे आणि पाणवनस्पती असलेल्या अमेरिकेतील बहुतेक जलाशयांना हीच पद्धत लागू पडते.

नवोदित मंडळी दोरीवरचा पौंडांचा आकडा, म्हणजे ती किती वजन पेलते ते, माशाच्या अपेक्षित वजनाशी ताडून पाहतात. टॉपवॉटरच्या मोठ्या ल्यूरच्या बाबतीत हा हिशेब चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. तीन किलोंचा बास चांगल्या २० पौंडी दोरीला सहसा तोडू शकत नाही. ती तुटते ती बहुधा फेकताना रिळावर गुंता होऊन साठ ग्रॅमचे ल्यूर हवेतच झटक्याने थांबते तेव्हा, किंवा खोडावर घासून नकळत कातरली गेल्यानंतर. शिवाय दोरीचा जाडपणा, ताठपणा आणि ती तरंगते की बुडते यांवर ल्यूरची चाल अवलंबून असते. म्हणून आधी ल्यूरकडे पाहावे, मग पाण्यातील अडथळ्यांकडे आणि शेवटी माशाकडे.

ल्यूर कसे चालते ते आधी पाहावे

पृष्ठभागावरच्या मोठ्या ल्यूरचे दोरीच्या दृष्टीने तीन प्रकार मानता येतात. पहिला प्रकार हेडन सुपर स्पूकसारख्या सिगारच्या आकाराच्या ल्यूरचा. रॉडच्या टोकाने हलके झटके दिले आणि प्रत्येक झटक्यानंतर दोरी सैल सोडली की हे ल्यूर नाक डावी-उजवीकडे वळवत चालते. दुसऱ्या प्रकारात शेपटी फिरणारी ल्यूर येतात. रिव्हर-टू-सी कंपनीचे व्हॉपर प्लॉपर हे त्यांतले सर्वांत परिचित. त्याचे १३० क्रमांकाचे रूप सुमारे ४० ग्रॅमचे आणि १९० क्रमांकाचे सुमारे ७५ ग्रॅमचे असते, आणि ते एकसारख्या गतीने ओढायचे असते. तिसऱ्या प्रकारात सांधे असलेली वेकबेट आणि उंदराच्या आकाराची ल्यूर मोडतात. ती अगदी सावकाश, पृष्ठभागावर व्ही आकाराची लाट उमटवत आणायची आणि मध्येच थांबवायची असतात.

या तिन्हींमधला महत्त्वाचा फरक सैल दोरीचा आहे. व्हॉपर प्लॉपर ओढताना दोरी सतत ताणलेली राहते, त्यामुळे ती ल्यूरच्या तिहेरी गळांमध्ये अडकण्याचा संभव कमी असतो. सुपर स्पूक चालवताना मात्र दर झटक्यानंतर दोरी मुद्दाम सैल पडू द्यावी लागते, आणि ती मऊ असेल तर ल्यूरच्या नाकापुढे वेटोळे होऊन पुढच्या गळाला विळखा घालते. मग ल्यूर आडवे ओढले जाते आणि ती फेक वाया जाते. लीडरची खरी गरज येथून निर्माण होते.

मुख्य दोरी

बाजारात तीन जातींची दोरी मिळते. कोकणात वाढलेल्या वाचकांना नायलॉनची तंगूस दोरी लहानपणापासून माहीत असते. इकडे अमेरिकेतल्या दुकानांत तीच मोनोफिलामेंट किंवा नुसती मोनो या नावाने विकली जाते. ती पाण्यापेक्षा किंचितच जड असल्याने फार सावकाश बुडते, तुटण्यापूर्वी वीस टक्क्यांहून अधिक ताणली जाते आणि भिजल्यावर थोडी कमजोर होते. फ्लुरोकार्बनची घनता १.७८ आहे, म्हणजे ती पाण्यात सरळ खाली जाते. फेकून झाल्यावर तीस मीटर फ्लुरोकार्बन पाण्यात बुडत राहिली तर ती तरंगत्या ल्यूरचे नाक खाली खेचते, त्यामुळे या कामासाठी मुख्य दोरी म्हणून ती घेऊ नये. तिसरी जात बारीक तंतू विणून केलेल्या ब्रेडेड दोरीची. तिच्यातील पॉलिएथिलिनची घनता ०.९७ असल्याने ती तरंगते, ताणली जवळजवळ जात नाही आणि जाडीच्या मानाने फार मजबूत असते. ५० पौंडी ब्रेडेड दोरी साधारण ०.३६ मिलिमीटर जाडीची असते; २० पौंडी मोनो मात्र ०.४५ मिलिमीटरच्या आसपास जाते.

माझ्या मते नवोदितांनी ब्रेडेड दोरीपासूनच सुरुवात करावी. २५ ते ४५ ग्रॅमच्या ल्यूरसाठी ५० पौंडी आणि त्याहून जड ल्यूरसाठी ६५ पौंडी दोरी घ्यावी. शंभर ग्रॅमच्या पुढची ल्यूर फेकायची असतील तरच ८० पौंडीचा विचार करावा. हे आकडे ऐकून पाच-सहा पौंडांच्या माशासाठी इतकी ताकद कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन आहेत. जड ल्यूर फेकताना गुंता झाला तर येणारा झटका ३० पौंडी दोरी पुष्कळदा सोसू शकत नाही, आणि तीन तिहेरी गळ लावलेले महागडे ल्यूर दिशाहीन उडून जाते, जे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्याही दृष्टीने धोक्याचे असते. दुसरे असे की बेटकास्टर रिळावर बारीक दोरी जोराच्या ओढीने आपल्याच खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या फेकीत तेथेच अडकते. जाड दोरी तितकी रुतत नाही.

सांधेदार वेकबेट आणि उंदीर सावकाश ओढणारे अनेक अनुभवी लोक मात्र लीडरशिवाय नुसती २० ते २५ पौंडी मोनो वापरतात. ही निवडही योग्य आहे. मोनो ताणली जात असल्यामुळे मासा ल्यूर पुरते तोंडात घेईपर्यंत किंचित अवधी मिळतो, जोडगाठीची गरज राहत नाही आणि गुंता झाला तर तो सोडवणे सोपे जाते. तिचे तोटे म्हणजे जाडीमुळे फेक काहीशी कमी पडते, रिळावर मावणारी लांबी कमी होते, आणि उन्हाने व वापराने ती लवकर खराब होत असल्याने वारंवार बदलावी लागते. ज्यांना जोडगाठ शिकण्याचा धीर अद्याप नाही त्यांनी पहिला हंगाम २५ पौंडी मोनोवर काढायला हरकत नाही.

दोरी रिळावर चढवताना

ब्रेडेड दोरी गुळगुळीत असल्यामुळे धातूच्या स्पूलवर (रिळाच्या दोरी गुंडाळण्याच्या चकरीवर) थेट बांधली तर सगळीच्या सगळी गोल फिरत राहते आणि ड्रॅग, म्हणजे जोराच्या ओढीला दोरी सावकाश सुटू देणारा रिळाचा ब्रेक, निकामी झाल्यासारखा वाटतो. त्यासाठी स्पूलवर आधी दहा-पंधरा मीटर मोनो गुंडाळावी आणि तिला ब्रेडेड दोरी जोडावी. नंतर दोरी ओल्या फडक्यातून दाबून धरत घट्ट चढवावी. सैल चढवलेली दोरी पहिल्याच मोठ्या माशाच्या ओढीला खालच्या थरांत रुतते. स्पूलच्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी.

लीडर कशासाठी आणि किती लांब

लीडर लावण्यामागची कारणे दुकानांत पुष्कळ ऐकायला मिळतात. ती सगळी येथे खरी ठरत नाहीत. पहिले कारण सांगितले जाते ते अदृश्यतेचे. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे १.४२ म्हणजे पाण्याच्या १.३३ च्या जवळ असल्याने ती पाण्याखाली कमी दिसते, हे खरे आहे. परंतु पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्यूरपुढे दोरीही पृष्ठभागावरच असते, ल्यूरच्या हालचालीने पाणी ढवळलेले असते आणि मासा खालून वर बघत हल्ला करतो. या परिस्थितीत अदृश्यतेचा लाभ नगण्य आहे, आणि बुडणारा लीडर नाक खाली खेचण्याचा तोटा मात्र होऊ शकतो.

दुसरे कारण सांगितले जाते ते धक्का शोषण्याचे. मोनो ताणली जाते, म्हणून तिचा लीडर माशाचे हिसके सोसतो, असे सांगितले जाते. चाळीस सेंटिमीटरच्या लीडरचा ताण मिळून मिळून काही सेंटिमीटरच होणार. तेवढ्याने तिहेरी गळ माशाच्या तोंडातून फाटून निघण्याचे टळत नाही. धक्का शोषायचा असेल तर तो रॉडने आणि ड्रॅगने शोषला पाहिजे, आणि म्हणूनच ब्रेडेड दोरीबरोबर टोकापासून मध्यापर्यंत वाकणारी, मध्यम-जलद क्रियेची सात-साडेसात फुटांची रॉड घ्यावी. काठीसारखी ताठ रॉड या जोडीला योग्य नाही.

लीडर ज्या दोन कारणांसाठी लावायचा ती साधी आहेत. त्याच्या ताठपणामुळे सैल पडलेली मऊ ब्रेडेड दोरी ल्यूरच्या गळांपासून दूर राहते. तसेच ताणलेली ब्रेडेड दोरी खरबरीत खोडावर किंवा दगडाच्या धारेवर घासली की तिचे तंतू पटापट तुटतात. जाड मोनो त्या मानाने अधिक घर्षण सोसते, आणि तिच्यावरचा ओरखडा नखाला जाणवतो. ही दोन्ही कामे ताठ आणि जाड मोनोचा लहान तुकडा उत्तम करतो. म्हणून झटक्यांनी चालणाऱ्या ल्यूरला २५ ते ३० पौंडी मोनोचा लीडर लावावा. ७५ ग्रॅमच्या व्हॉपर प्लॉपरला ३० ते ४० पौंडी चालेल.

लांबीबाबत एकच नियम लक्षात ठेवावा. फेकण्यासाठी ल्यूर रॉडच्या टोकापासून जितके खाली लोंबते, त्या अंतरापेक्षा लीडर आखूड असावा, म्हणजे जोडगाठ रॉडच्या शेवटच्या कडीबाहेरच राहते. बहुतेकांच्या बाबतीत हे माप ३० ते ४५ सेंटिमीटर येते. जोडगाठ कड्यांमधून वेगाने आत-बाहेर गेली तर ती झिजते, कधी कडीत अडकते, आणि जड ल्यूरच्या फेकीत असे अडकणे म्हणजे दोरी तुटणे होय. पारंगत लोक दोन मीटरचा लीडर लावून गाठ कड्यांमधून नेतात, परंतु त्यासाठी पुढे वर्णन केलेली एफजी गाठ उत्तम जमायला हवी.

पाणवनस्पतींच्या दाट थरावरून पोकळ रबरी बेडूक ओढायचा असेल तेव्हा लीडर लावू नये. तेथे ६५ पौंडी ब्रेडेड दोरी थेट बेडकाला बांधावी, कारण जोडगाठीवर शेवाळ गोळा होते आणि मासा वनस्पतींसकट बाहेर ओढावा लागतो.

दोरी आणि लीडर यांची जोडगाठ

सुरुवातीला दुहेरी युनी गाठ शिकावी. ब्रेडेड दोरी आणि लीडर यांची टोके परस्परविरुद्ध दिशांनी सुमारे पंचवीस सेंटिमीटर एकमेकांवर ठेवावीत. ब्रेडेड दोरीचे मोकळे टोक मागे वळवून एक फास करावा आणि ते टोक त्या फासातून, दोन्ही दोऱ्यांभोवती गुंडाळत, आठ वेळा फिरवावे. टोक ओढून हा भाग अर्धवट आवळावा. मग लीडरच्या टोकाने तसाच फास करून चार वेढे द्यावेत. जाड मोनोला याहून अधिक वेढे दिले तर गाठ नीट बसत नाही. दोन्ही भाग थुंकीने किंवा पाण्याने ओले करावेत, मुख्य दोरी आणि लीडर विरुद्ध दिशांना सावकाश ओढून दोन्ही गाठी एकमेकींना भिडू द्याव्यात आणि शेवटी दोन्ही टोके आवळून कापावीत. कोरडी गाठ झटकन आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन भाजते आणि गाठ बाहेरून सुबक दिसूनही आतून दुबळी राहते. लहान लीडरची गाठ कड्यांबाहेर राहत असल्याने दुहेरी युनीचा जाडपणा येथे अडचणीचा ठरत नाही.

एफजी गाठ याहून बारीक आणि मजबूत होते, कारण तिच्यात लीडर वळवला जात नाही. तो सरळ राहतो आणि ब्रेडेड दोरी त्याच्याभोवती विणली जाऊन त्याला घट्ट चावते. तिच्यासाठी ब्रेडेड दोरी ताणलेली असणे अत्यावश्यक आहे. एक टोक दातांत किंवा दाराच्या कडीला आणि दुसरे बोटांभोवती धरून ताण द्यावा. लीडर या ताणलेल्या दोरीवर आडवा ठेवून आळीपाळीने एकदा वरून आणि एकदा खालून फिरवावा, म्हणजे दोरीच्या दोन बाजू त्याच्यावर फुलीच्या आकारात बसत जातात. असे अठरा ते वीस वेढे झाल्यावर ब्रेडेड दोरीच्या मोकळ्या टोकाने मुख्य दोरी आणि लीडर या दोहोंवर मिळून दोन-तीन अर्धगाठी माराव्यात. आता गाठ ओली करून, हातमोजे घालून किंवा दोरी जाड फडक्याभोवती गुंडाळून, जोरात ओढावी. नीट आवळली गेल्यावर वेढे एकमेकांना चिकटतात आणि ब्रेडेड दोरीचा रंग त्या जागी गडद दिसू लागतो. रंग बदलला नाही तर गाठ घसरणार आहे असे समजून ती कापून टाकावी. त्यानंतर लीडरचे टोक गाठीला लागून कापावे, नुसत्या मुख्य दोरीवर आणखी चार-पाच अर्धगाठी माराव्यात आणि उरलेले टोक कापावे. ही गाठ घरी, दिव्याच्या उजेडात, हाताला सवय होईपर्यंत बांधून पाहावी. वाऱ्यात हलणाऱ्या होडीत पहिल्यांदा ती जमत नाही.

ल्यूरकडची गाठ

ल्यूरच्या नाकाशी गाठ घट्ट बसली तर २५-३० पौंडी ताठ मोनो त्याला मोकळेपणे वळू देत नाही. अनेक मोठ्या ल्यूरच्या नाकात आधीच एक दुपदरी कडी असते; तिला साधी युनी गाठ चार वेढ्यांनी बांधली की चाल मोकळी राहते. कडी नसेल तर न सरकणारी फासगाठ बांधावी. लीडरच्या टोकापासून सुमारे वीस सेंटिमीटरवर एक सैल निरगाठ घ्यावी. टोक ल्यूरच्या डोळ्यातून, म्हणजे नाकावरच्या दोरी ओवण्याच्या छिद्रातून, ओवून त्याच निरगाठीतून, ज्या बाजूने ते बाहेर आले होते त्याच बाजूने, परत आत घालावे. निरगाठ डोळ्याच्या जवळ सरकवून फासाचा आकार एका सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवावा. टोकाचे मुख्य दोरीभोवती चार वेढे द्यावेत आणि ते पुन्हा त्याच बाजूने निरगाठीतून काढावे. ओले करून आधी टोक ओढावे, मग ल्यूर आणि मुख्य दोरी विरुद्ध दिशांना ओढून गाठ पक्की करावी. फास मोठा ठेवू नये, नाहीतर तोच पुढच्या गळात अडकतो.

पालोमार ही ब्रेडेड दोरीसाठी फार भरवशाची गाठ आहे आणि बेडकासाठी तीच वापरावी. मात्र तिच्यात फासातून संपूर्ण ल्यूर बाहेर काढावे लागते. तीन तिहेरी गळांचे वीस सेंटिमीटरचे ल्यूर फासातून काढताना गळ बोटांत आणि दोरीत अडकतात, म्हणून मोठ्या ल्यूरला ती थेट बांधू नये. दिवसभरात ल्यूर अनेकदा बदलायचे असेल तर लीडरच्या टोकाला मजबूत क्लिप पालोमार गाठीने बांधावी आणि ल्यूर तिला अडकवावे. क्लिप जड असेल तर सुपर स्पूकसारख्या ल्यूरची चाल मंदावते, यासाठी ती वजन पेलेल इतकीच लहान निवडावी.

बांधून झाल्यावर

भारतात जाण्यापूर्वी सामानाच्या बॅगा तोलण्याचा हातकाटा परदेशातील बहुतेक मराठी घरांत असतो, आणि गाठी तपासायला तो फार उपयोगी पडतो. लीडरला ल्यूरऐवजी नुसती कडी बांधावी, ती काट्याच्या आकड्यात अडकवावी आणि डोळ्यांवर चष्मा ठेवून ताण हळूहळू पाच-सहा किलोंपर्यंत न्यावा. २५ पौंडी लीडरची क्षमता अकरा किलोंहून थोडी अधिक असते, त्यामुळे इतक्या ताणाला गाठ सरकली किंवा सुटली तर ती बांधण्यातच कसर राहिली आहे. याच काट्याने ड्रॅगही लावून घ्यावा; लीडरच्या क्षमतेच्या पाव ते एकतृतीयांश, म्हणजे २५ पौंडी लीडरला साधारण तीन ते पावणेचार किलो ओढीला दोरी सुटू लागेल, इतका तो ठेवावा. पाण्यात उभी झाडे दाट असतील तर याहून घट्ट ठेवावा लागतो.

पाण्यावर प्रत्येक माशानंतर आणि ल्यूर खोडाला घासल्यानंतर लीडरच्या शेवटच्या पंधरा सेंटिमीटरवरून नख फिरवावे. खरखर लागली की तेवढा भाग कापून गाठ पुन्हा बांधावी, आणि लीडर वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत आखूड झाला की नवा लावावा. मासा ल्यूरवर उसळला की लगेच रॉड झटकू नये. ब्रेडेड दोरी ताणली जात नसल्यामुळे तो झटका तत्काळ ल्यूरपर्यंत पोहोचतो आणि ल्यूर माशाच्या तोंडातून निघून येते. वजन हाताला जाणवेपर्यंत ओढणे चालू ठेवावे आणि मग रॉड बाजूला खेचावी. ल्यूर झाडात अडकले तर रॉडने हिसके देऊ नयेत, कारण सुटलेले ल्यूर थेट चेहऱ्यावर येते. होडी तेथवर न्यावी. ते शक्य नसेल तर दोरी लाकडाच्या तुकड्याभोवती गुंडाळून, तोंड दुसरीकडे वळवून ओढावी. ब्रेडेड दोरी उघड्या हाताला खोल कापते.

टेक्सासमध्ये १७ वर्षे पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला मासेमारीचा परवाना घ्यावा लागतो. लेक फोर्कवर १६ ते २४ इंच लांबीचे लार्जमाउथ बास पाण्यात परत सोडण्याचा नियम आहे, तेव्हा पट्टी जवळ असावी आणि निघण्यापूर्वी राज्याच्या उद्यान व वन्यजीव विभागाची चालू नियमावली पाहून घ्यावी. आठ पौंडांहून मोठा मासा लागला तर त्याच विभागाच्या शेअरलंकर उपक्रमात त्याची नोंद करता येते. १९८६ पासून चालू असलेल्या या उपक्रमात जानेवारी ते मार्च या काळात तेरा पौंडांहून मोठे मासे प्रजननासाठी उसनेही घेतले जातात.

कापलेल्या दोरीचे तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नयेत, कारण पाणपक्षी आणि कासवे त्यांत अडकून मरतात. अनेक जलाशयांच्या होडी-धक्क्यांवर जुनी मोनो गोळा करण्यासाठी प्लास्टिकच्या नळ्या बसवलेल्या असतात. मोनोचे तुकडे त्यांत टाकावेत. ब्रेडेड दोरीचा पुनर्वापर तेथे होत नाही. तिचे बोटभर लांबीचे तुकडे करून ते झाकणाच्या कचरापेटीत टाकावेत.